आपल्याच गावचा पाहुणा

परगावच्या पाहुण्याला आपले शहर दाखविणे सोपे असते. एक राजवाडा, दोन देवळे आणि एक बाजार दाखविला, की आपले कर्तव्य संपते आणि त्याचे कुतूहलही शमते. परंतु जो याच गल्लीत लहानाचा मोठा झाला, ज्याने आमच्या शेजारी बसून पाढे म्हटले, त्याला बडोदे दाखवायचे म्हणजे काय दाखवायचे? गेल्या मार्गशीर्षात असा प्रसंग आमच्यावर आला.

आमचा हा बालमित्र १९८७ साली नोकरीसाठी पुण्यास गेला. वडील त्यापूर्वीच निवर्तले होते. गेल्या वर्षी मातोश्रीही गेल्या आणि दांडिया बाजारातील त्यांच्या घराला कुलूप लागले. घराला गिऱ्हाईक मिळाले, दस्तावर सही करावयाची, म्हणून तो एक दिवस आधी आला होता. आमच्या मनात मात्र निराळाच बेत शिजत होता. दिवसभर त्याला गाव असे दाखवावे, की संध्याकाळी त्यानेच म्हणावे, ‘राहू दे, घर विकायचे नाही.’ बोध करून समोरच्याचे मन पालटता येते, या भ्रमातून तीस वर्षांच्या मास्तरकीनंतरही आम्ही बाहेर पडलेलो नाही.

प्रारंभ अर्थातच सेव-उसळीने केला. तिखट तर्री, वर मूठभर सेव, कांदा आणि पाव. पहिल्याच घासाला मित्राच्या डोळ्यांत पाणी आले. ते आठवणींचे, असे आम्ही मनाशी धरले. तो म्हणाला, मिरचीचे!

तेथून कामाठी बागेत गेलो. १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी सयाजीराव महाराजांनी ही बाग प्रजेसाठी वसविली. तिच्यातील संग्रहालय १८९४ चे. तेथल्या देवमाशाच्या अवाढव्य सांगाड्यापुढे उभे राहिलो, तेव्हा आम्ही दोघेही पुन्हा चौथीतले झालो. मग आमचे व्याख्यान सुरू झाले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसतो काय, आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करतो काय!

मित्राने शांतपणे विचारले, ‘‘आणि ते झाड?’’

याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि जातीमुळे त्यांना या शहरात राहावयास जागा मिळेना. त्या दिवशी ते या बागेतील एका झाडाखाली बसले होते. त्या स्थळाला आज संकल्पभूमी म्हणतात.

‘‘मुलांची सहल आणतोस, तेव्हा हे सांगतोस ना?’’

‘‘सांगतो की,’’ आम्ही म्हणालो. देवमाशापुढे जितका वेळ थांबतो, तितका येथे थांबत नाही, हे मात्र सांगितले नाही.

दुपारी न्यायमंदिरावरून गेलो. १८९६ ची ती देखणी इमारत. न्यायालये २०१८ मध्ये नव्या जागेत गेली. जवळच सुरसागर. पुढे मांडवीनजीकच्या मध्यवर्ती ग्रंथालयात शिरलो. महाराजांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन तज्ज्ञ आणवून १९१० साली संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था लावली. येथल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा, ही योजना. मराठी पुस्तकांपुढे उभे राहून आम्ही पुन्हा बोलू लागलो. बृहन्महाराष्ट्रात मराठी टिकली ती असल्या वास्तूंमुळे. आपण आपली घरे सोडली, तर भाषा कोणाच्या आधाराने राहील, वगैरे. बोलण्याचा रोख कोठे आहे, हे त्याने ओळखले असावे. एक जुनी कादंबरी चाळीत तो म्हणाला, ‘‘मास्तर, तुझी मुलगी मराठी वाचते का रे?’’

आमची कन्या इंग्रजी शाळेत शिकली. घरी ती मराठी बोलते, मैत्रिणींशी गुजराती, उरलेल्या जगाशी इंग्रजी. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आमच्या घरात तिने मराठी पुस्तक हाती घेतलेले आम्ही पाहिले नव्हते; आणि घे, असे आम्हीही कधी म्हटले नव्हते. शाळेत मुलांना मातृभाषेचे महत्त्व सांगून दमलो, म्हणून की काय, घरी त्याचा विसर पडला! आम्ही काहीच बोललो नाही. मित्रानेही पुन्हा विचारले नाही. खरा मित्र उत्तर ठाऊक असलेला प्रश्न दोनदा विचारीत नाही.

दिवेलागणीला दांडिया बाजारात आलो. कुलूप गंजले होते. शेजारच्या गुजराती बहेनने तेलाची वाटी आणून दिली. आत वडिलांचा झोपाळा, आईची फिरकीची ताकभांडी, आणि माळ्यावर पुस्तकांची एक पेटी. झोपाळ्यावर बसून तो म्हणाला, ‘‘दिवसभर तू मला गाव दाखवलेस, ते कशासाठी, हे का मला कळत नाही? पण कुलूप लावून ठेवलेल्या घराला घर म्हणू नये. या बहेनच्या धाकट्यालाच देतोय. निदान येथे दिवा लागेल.’’ थोडे थांबून म्हणाला, ‘‘पेटी मात्र तू ने.’’

ती पेटी आम्ही रिक्षातून घरी आणली. रात्री जेवणे झाल्यावर कन्येने कुतूहलाने ती उघडली, धूळ झटकून एक पुस्तक काढले आणि तिच्या या नव्या काकांपुढे मोठ्याने वाचू लागली. ‘चांदणे’ या शब्दातला च तिने हिंदीसारखा उच्चारला. दुरुस्त करावयास आमचे ओठ विलग झाले. पण मित्राने हळूच आमच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि आम्ही गप्प बसलो. अडखळत का होईना, ती वाचीत होती.

दुसऱ्या दिवशी दस्त झाला. साक्षीदार म्हणून सही आम्हीच केली.