एका रिकिबीची दुरुस्ती

दीड वर्षापूर्वी याच मालिकेत मी एका लोखंडी रिकिबीचे छायाचित्र टाकले होते आणि त्याखाली मोठ्या अभिमानाने लिहिले होते, ‘पेशवाईतील रिकीब’. आपल्यापैकी अनेकांनी ते पुढे पाठवले. ती माहिती चुकीची होती. आजचा धागा त्या चुकीविषयी आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी फाटक्या ताडपत्रीवर, नळाच्या तोट्या आणि कुलपे यांच्या शेजारी, ती पडली होती. विक्रेत्याने ‘पेशवाई’ हा शब्द उच्चारला आणि माझी विवेकबुद्धी तिथेच घोड्यावरून उतरली. मी सातशे रुपये मोजले. घरी आल्यावर रॉकेल, चिंच आणि तारेचा ब्रश घेऊन दोन संध्याकाळी ती घासली. आईने कौतुकाने म्हटले, “नवीच दिसते रे!” खरोखरच नवी दिसत होती, आणि अनर्थ नेमका तोच होता.

काही महिन्यांनी बाजारातच घेतलेले पहिले छायाचित्र मोठे करून पाहताना, पट्टा ओवायच्या खाचेजवळ गंजाखाली एक पुसट आकृती दिसली. बाणाचे टोक, त्याला लागून एक उभी रेघ आणि खाली दोन-तीन अंक असावेत असे ठिपके. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. हिंदुस्थानच्या सरकारी मालावर तिच्यासोबत रोमन लिपीतले ‘आय’ हे अक्षर येई. धावत जाऊन रिकीब पाहिली. तिथे आता गुळगुळीत लोखंड होते.

बाणाने पेशवाईचा प्रश्न निकालात काढला. पण गेलेले अंक मला अधिक छळतात. का, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

मराठी लष्करात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व सरंजाम घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हे आपण जाणतोच. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे घोड्याचे पाणी आणि नाल ही जबाबदारी राज्याची. शिलेदाराचे सारे त्याच्या अंगावर. कंपनी सरकारने ही दुसरी पद्धत उचलली आणि शब्दही उचलला. इंग्रजी कागदांत तो ‘सिलदार’ असा वावरतो. १८१७च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने उभे राहिलेले पुणे घोडदळही आरंभी याच वळणाचे होते.

पुढे या पद्धतीला रीतसर रूप आले. भरती होणारा स्वार ‘असामी’ नावाची रक्कम पलटणीकडे भरी. त्यातून त्याला घोडा, खोगीर, तलवार मिळे. सरकार देई ती बंदूक आणि दारूगोळा. साहजिकच खोगीर, रिकीब, तोबरा, नाल ठेवायची चामडी पिशवी, भाल्याचे बूड टेकवायला रिकिबीला बाहेरून जोडलेला चामड्याचा पेला, या वस्तू पलटण आपापल्या पसंतीने बनवून घेई. १८५७नंतरच्या दशकात कानपूरला सरकारी खोगीर कारखाना निघाला, तरी रिसाल्यांची ही स्वतंत्र खरेदी चालूच राहिली. पहिल्या महायुद्धात घोडे आणि सामान इतक्या वेगाने खपू लागले, की पलटणीच्या निधीतून त्यांची भरपाई अशक्य झाली. युद्धानंतर ही पद्धत संपली. सारे सामान सरकारी झाले.

म्हणजे त्या रिकिबीवरचे वर्ष वाचता आले असते, तर ती या बदलाच्या अलीकडची की पलीकडची हे कळले असते. शेजारी पलटणीची अक्षरे असती, तर कोणाच्या बुटाखाली ती झिजली याचाही माग लागला असता. ते सारे मी चिंचेच्या कोळाबरोबर मोरीत ओतले.

(जाता जाता : खोगिराच्या गादीत चिंध्या, लोकर, हाताला येईल ते कोंबत. ‘खोगीरभरती’ हा शब्द तिथला. माझ्या पहिल्या वर्षाच्या संग्रहाला तो चपखल बसतो.)

आता माझ्याकडे एक नाल-पिशवी आहे. तिच्या पितळी रिबिटांभोवती हिरवट मेणासारखा थर साचला आहे. चामड्यातले तेल आणि तांबे यांच्या संयोगाने तो तयार होतो. तो मी लाकडी काडीने हलकेच काढतो. चामड्याला तेल चोपडण्याचा मोह टाळतो, कारण जास्त तेलाने ते काळवंडते आणि मऊ पडून शिवण सुटते. कोरडा मऊ कुंचला, सावली, वारा, एवढेच. आणि हात लावण्याआधी चहूबाजूंनी, तिरप्या उजेडात छायाचित्रे.

जुन्या धाग्यावर दुरुस्ती जोडली आहे, पण पुढे गेलेली चित्रे परत बोलावता येत नाहीत. आपण ती पाठवली असतील, तर हा धागाही त्याच लोकांना पाठवावा.

आणखी एक विनंती. रिकिबी जोडीने असतात. पुढच्या रविवारी मी दुसरी शोधायला गेलो, तेव्हा ती विकली गेली होती. आपल्यापैकी कोणाच्या घरी ती असेल आणि अजून गंजलेली असेल, तर कृपा करून घासू नका. पट्टा ओवायच्या खाचेजवळचे एक छायाचित्र मला पाठवा.