नदीकाठचे रिप्ले : टेकडीवरचा दिवा आणि अंधारातली होडी

अमेरिकेहून कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या सुट्टीवर येतो तेव्हा फोटो दाखवतो ते नायगाऱ्याच्या धबधब्याचे, नाहीतर न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे. रिप्लेचे फोटो कुणी दाखवल्याचे मला आठवत नाही. त्यात त्या पोरांचा दोष नाही. ओहायो राज्याच्या दक्षिण कडेला, ओहायो नदीच्या काठावरचे हे गाव दोन हजार वस्तीचेसुद्धा नाही. आपल्याकडे एवढ्या वस्तीत आठवडी बाजार भरला तर भरला. पण स्वातंत्र्यासाठी माणसाने काय किंमत मोजली हे ज्याला पाहायचे आहे, त्याने पुतळ्याच्या आधी या गावचा नदीकाठ पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिनसिनाटी या मोठ्या शहरातून ५२ नंबरचा रस्ता नदीला धरून निघतो. रिप्लेपर्यंत साधारण ऐंशी किलोमीटर. उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला टेकड्या, मधून मधून मक्याची आणि तंबाखूची शेते. वाटेत पॉइंट प्लेझंट नावाचे खेडे लागते. गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांचा सेनापती झालेला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट इथे १८२२ साली जन्मला. लहानपणी १८३८-३९ मध्ये तो शिकायला रिप्लेच्या शाळेत होता.

रिप्लेत शिरले की फ्रंट स्ट्रीट. जुनी विटांची घरे, सगळ्यांची तोंडे नदीकडे. पलीकडे केंटकी राज्याच्या हिरव्या टेकड्या. आज विसाव्या शतकातल्या धरणांमुळे नदीचे पात्र फुगलेले आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ते अरुंद होते. उन्हाळ्यात पाणी फार उतरत असे आणि कडक हिवाळ्यात वर बर्फ धरत असे. वाचकहो, हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या पाण्याची आहे.

ही नदी म्हणजे दोन कायद्यांमधली सरहद्द होती. १७८७ च्या कायद्याने नदीच्या उत्तरेकडच्या मुलखात गुलाम बाळगायला बंदी झाली. दक्षिणेला केंटकीत मात्र माणूस विकत मिळत होता, घोड्याबैलासारखा. आई एकाला विकावी, लेकरू दुसऱ्याला. त्या काठावर शेतात राबणारी आफ्रिकी वंशाची बाई मान वर करून पाही तेव्हा तिला रिप्लेच्या घरांची धुराडी दिसत. तिचे स्वातंत्र्य होडीच्या काही वल्ह्यांइतके जवळ होते, आणि तितकेच लांबही.

गाव वसवले जेम्स पोग नावाच्या कर्नलने, १८१२ मध्ये. व्हर्जिनियातून आलेल्या या माणसाला गुलामगिरी नको होती. प्रथम नाव होते स्टॉन्टन. १८१६ मध्ये एका सेनानीच्या नावावरून ते रिप्ले झाले. नदीवर बोटी बांधणे, डुकराचे मांस खारवून पिंपांत भरून पाठवणे हे सुरुवातीचे धंदे. पुढे इथे पियानोसुद्धा बनू लागले. १८६४ मध्ये याच ब्राउन परगण्यात पांढऱ्या बर्ली तंबाखूचे वाण सापडले आणि रिप्ले तंबाखूच्या लिलावाचे गाव झाले. गावात तंबाखूचे संग्रहालयही आहे. ज्यांच्या घरी विड्या वळून संसार झाला त्यांना ते पाहावेसे वाटेल, पण आपल्याला टेकडीवर जायचे आहे.

गावामागे उंच टेकडी आहे. नाव लिबर्टी हिल, म्हणजे स्वातंत्र्याची टेकडी. तिच्या माथ्यावर एक लहानसे विटांचे घर आहे. ते जॉन रँकिन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे. १७९३ मध्ये टेनेसीत जन्मलेला हा माणूस १८२२ च्या सुरुवातीला कुटुंबासह रिप्लेत आला. व्हर्जिनियातल्या आपल्या भावाने गुलाम विकत घेतल्याचे कळले तेव्हा तो गप्प बसला नाही. त्याने भावाला पत्रांवर पत्रे लिहिली आणि ती गावच्या वर्तमानपत्रात छापली. १८२६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. सख्ख्या भावाची चूक चव्हाट्यावर मांडायला छाती लागते. पुढे भावाने आपले गुलाम मोकळे केले.

१८२८-२९ च्या सुमारास रँकिन टेकडीवर राहायला गेला. रात्री त्या घरात दिवा लावून ठेवत. तो पलीकडच्या काठावरून दिसे. पळून आलेल्या माणसाला तीच खूण. गावातून घरापर्यंत लाकडी पायऱ्यांची वाट होती. ती आजही नव्याने बांधलेली आहे, चढताना तरण्याला दम लागतो. मग रात्रभर भिजलेल्या, मागे कुत्री लागलेल्या बाईमाणसाने ती कशी चढली असेल? रँकिन नवराबायकोला तेरा मुले. घर आधीच भरलेले. तरी वर्षानुवर्षे त्या घराने एकूण दोन हजारांच्या आसपास माणसांना आसरा दिल्याचे सांगतात. रँकिनची पोरे रात्री घोडे जुंपून त्यांना उत्तरेच्या पुढच्या मुक्कामाला पोचवत, तिथून पुढे कॅनडाकडे. या साखळीला भूमिगत रेल्वे म्हणत. रूळ नव्हते, इंजिन नव्हते. एका घराने दुसऱ्या घरावर टाकलेला विश्वास, एवढीच ती रेल्वे.

१८३८ च्या फेब्रुवारीतली हकीकत गावातले लोक पाहुण्याला हमखास सांगतात. नदीवर बर्फ होता, पण तो विरघळू लागलेला. पलीकडून एक आई तान्हे मूल छातीशी धरून त्यावरून निघाली. पाय बर्फातून खाली गेला की मूल पुढे ठेवायचे, स्वतः वर यायचे, पुन्हा मूल उचलायचे. या काठावर पळालेले गुलाम पकडून बक्षीस मिळवणारा एक जण टपून बसला होता. मूल रडले आणि त्या माणसाचा हात थांबला. त्यानेच तिला टेकडीवरच्या दिव्याची वाट दाखवली. रँकिनच्या घरून ही गोष्ट हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेच्या कानी गेली. १८५२ मध्ये आलेल्या तिच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ कादंबरीतली बर्फावरून पळणारी एलायझा ती हीच, असे रँकिन कुटुंब सांगत आले. कादंबरी जगभर गेली. त्या आईचे खरे नाव मात्र कुणाच्या तोंडी राहिले नाही.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. दिवा लावणाऱ्याचे उपकार मोठेच. पण दिव्यापर्यंत यायला आधी नदी ओलांडावी लागत होती, आणि ती ओलांडून देणारे पुष्कळदा काळेच हात होते.

आर्नल्ड ग्रॅगस्टन हा केंटकीतल्या मेसन परगण्यातला तरुण. स्वतः गुलाम. वय एकोणीस-वीस. एका रात्री एका मुलीला होडीने रिप्लेला पोचव, असे त्याला कुणी सांगितले. तो भीतीने गारठला, पण गेला. नंतर चार वर्षे, चांदणे नसलेल्या रात्री, तो माणसे पोचवत राहिला. काळोखात त्यांचे चेहरेही दिसत नसत. एक परवलीचा शब्द विचारायचा, उत्तर बरोबर आले की वल्ही मारायची. दुसऱ्यांना मुक्तीच्या काठावर उतरवून हा पुन्हा आपल्या मालकाच्या शेतावर राबायला परत! शेवटी १८६३ मध्ये, पकडला जाण्याची पाळी आली तेव्हा, बायकोला घेऊन तो स्वतः पार झाला. १९३० नंतरच्या दशकात, नव्वदी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याने सरकारी मुलाखतकारांना हे सगळे सांगितले, म्हणून आपल्याला कळते.

आणि दुसरा जॉन पार्कर. फ्रंट स्ट्रीटवर नदीच्या समोर त्याचे घर आहे. १८२७ मध्ये व्हर्जिनियात जन्म. आठव्या वर्षी आईपासून तोडून विकला गेला आणि साखळदंडाने बांधलेल्या तांड्याबरोबर दक्षिणेला चालत नेला गेला. अलाबामात एका डॉक्टरच्या घरी असताना डॉक्टरच्या मुलांनी त्याला चोरून लिहायला-वाचायला शिकवले. तो फौंड्रीत लोखंड ओतायचे काम शिकला. दिवसरात्र राबून १८४५ मध्ये त्याने १,८०० डॉलर मोजले आणि स्वतःला विकत घेतले. ज्या देशात अठरा वर्षांच्या पोराला स्वतःचा देह विकत घ्यावा लागतो, त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला काय म्हणावे?

१८४९ च्या सुमारास पार्कर रिप्लेत स्थायिक झाला. दिवसा फौंड्री, रात्री होडी. घर, बायको, धंदा असलेला मोकळा माणूस, पण रात्री पलीकडच्या काठावर उतरला की पुन्हा साखळी पडण्याचा धोका. एका जोडप्याचे बाळ मालकाने मुद्दाम आपल्या पलंगाच्या पायथ्याशी झोपवले होते, म्हणजे आईबाप पळणार नाहीत. उशाशी पिस्तूल. पार्कर अनवाणी पायांनी त्या खोलीत शिरला आणि झोपलेल्या मालकाच्या पायाशी असलेले बाळ उचलून पळाला. मागून गोळ्या सुटल्या. ते चौघे होडीत बसून रिप्लेला पोचले.

आपण सोडवलेल्या माणसांची नावे आणि तारखा पार्कर एका वहीत लिहून ठेवत असे. १८५० मध्ये पळपुट्या गुलामांचा कायदा आला. मदत करणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. तोवर वहीत ३१५ माणसांची नोंद झाली होती, असे त्याने सांगून ठेवले आहे. वही सापडली तर घरदार जाणार. त्याने ती आपल्याच भट्टीत टाकली. ३१५ माणसांची नावे लोखंड वितळवणाऱ्या त्या विस्तवात गेली.

रिप्ले म्हणजे सगळी साधू माणसे होती असे मात्र कुणी समजू नये. गावात गुलाम पकडून देणारेही राहत होते. १८४१ मध्ये रँकिनच्या घरावर रात्री हल्ला झाला, तेव्हा त्याच्या मुलांनी बंदुका घेऊन घर राखले. मुक्त काळ्या माणसाला ओहायोत राहायचे तर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून पाचशे डॉलरचा जामीन द्यावा, असा कायदा १८०७ पासून कित्येक वर्षे होता. याच ब्राउन परगण्यात सॅम्युएल गिस्ट या इंग्रज व्यापाऱ्याच्या मृत्युपत्राने मुक्त झालेल्या माणसांना जमिनी दिल्या गेल्या, त्या दलदलीच्या आणि झाडोऱ्याच्या. मुक्ती दिली, पण पिकती जमीन नाही. हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापले आणि ते अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केले. जोतीरावांना रिप्लेचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ती अर्पणपत्रिका जणू याच गावाच्या पत्त्यावर धाडलेली आहे, असे मला वाटत आले आहे.

पार्कर पुढे १९०० पर्यंत जगला. तंबाखू दाबायच्या यंत्राची आणि शेतातली ढेकळे फोडायच्या औताची पेटंटे त्याने मिळवली. एकोणिसाव्या शतकात काळ्या माणसाच्या नावावर पेटंट ही फार दुर्मीळ गोष्ट होती. कमाई त्याने मुलांच्या शिक्षणाला लावली. मुलगी हॉर्टेन्स १८८३ मध्ये माउंट होलिओक कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि शिक्षिका झाली. ज्या बापाला अक्षरे चोरून शिकावी लागली, त्याची ही लेक.

तरीही या दोन घरांच्या नशिबी सारखे दिवस आले नाहीत. रँकिनचे घर राज्य सरकारने १९३८ मध्येच ताब्यात घेतले आणि ते स्मारक झाले. पार्करचे घर मात्र दुर्लक्षित पडून राहिले. त्याने १८८० च्या दशकात एका पत्रकाराला सांगितलेल्या आठवणींचे हस्तलिखित एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होते. ते पुस्तकरूपाने यायला १९९६ उजाडले. त्याच सुमारास गावातल्या लोकांनी घर वाचवायला संस्था काढली. १९९७ मध्ये दोन्ही घरांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. आता पार्करच्या घरात संग्रहालय आहे. हे घर नुसते जुने आहे म्हणून वाचले नाही. १९३७ च्या जानेवारीतल्या महापुराने ओहायोच्या काठची गावेच्या गावे बुडवली होती. त्यातूनही ते उभे राहिले.

जायचे असेल तर उन्हाळ्यात किंवा पानगळीच्या आधी जावे. हिवाळ्यात अशी लहान संग्रहालये बहुधा बंद असतात, म्हणून आधी फोन करून विचारावे. आधी खालचे पार्करचे घर पाहावे, मग पायऱ्या चढून रँकिनच्या ओट्यावर बसावे. तिथून नदीचे वळण आणि केंटकीचा काठ पुरता दिसतो. परतताना सिनसिनाटीत २००४ मध्ये उघडलेले भूमिगत रेल्वेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे मेसन परगण्यातून, म्हणजे रिप्लेच्या समोरच्या काठावरून, उचलून आणलेली एक लाकडी खोली ठेवली आहे. दक्षिणेच्या बाजारात न्यायच्या आधी गुलाम कोंडायची ती खोली. आत जाता येते. मुलांना बरोबर न्यावे आणि वरच्या तुळईला अजून अडकवलेल्या लोखंडी कड्या त्यांना दाखवाव्यात.