आधी अंधार, मग चित्र

भिंतीवर हिरव्या रेषांचा मोर नाचताना दिसतो, तेव्हा तिथे प्रत्यक्षात लेझरचा एकच ठिपका असतो. एक छोटा आरसा त्याला आडवा फिरवतो, दुसरा उभा, आणि हे इतक्या वेगाने चालते की डोळ्याला अखंड रेषा भासते. हे आरसे फिरवणाऱ्या मोटरींना हौशी मंडळी गॅल्व्हो म्हणतात. त्यांच्या खिशाला परवडणारे गॅल्व्हो सेकंदाला २० ते ३० हजार बिंदू गाठतात. ३० हजार धरले तर एका बिंदूच्या वाट्याला ३३ मायक्रोसेकंद येतात. तेवढ्यात दोन्ही आरशांनी कुठे वळायचे आणि किरण चालू ठेवायचा की बंद, हे सांगणारा बोर्ड घरच्या टेबलावर तयार करणारे लोक जगभर आहेत. संख्येने थोडे, पण चिकाटीचे.

हा बोर्ड आखायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण चित्रापासून सुरुवात करतो. प्रस्तुत लेखकाच्या मते आखणी सुरू व्हायला हवी ती किरण बंद ठेवणाऱ्या भागापासून. पण आधी चित्राची बाजू पाहू, कारण मोह तिथेच आहे.

या कलेला वय आहे. ९ मे १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात लॉवेल क्रॉस, कार्सन जेफ्रीज आणि डेव्हिड ट्यूडर यांनी आरशांनी वळवलेल्या रंगीत लेझरचा प्रयोग प्रेक्षकांसमोर केला. यांतले जेफ्रीज भौतिकशास्त्रज्ञ, बाकीचे दोघे संगीतातले. पुढे १९८६ मध्ये या व्यवसायाची ‘इल्डा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिने ठरवून दिलेली २५ पिनांची जोडणी आज हौशी बोर्डांवरही दिसते. तिच्यात आडव्या हालचालीसाठी एक नव्हे, दोन तारा असतात. एकीवर व्होल्टेज वर चढते, तेव्हा दुसरीवर तेवढेच खाली उतरते. पलीकडचे सर्किट दोन्हींतला फरक मोजते, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट वजा होऊन जातो. उभ्या हालचालीचेही तसेच.

संगणकाकडून येतात आकडे आणि गॅल्व्होला हवे असते व्होल्टेज. मधला दुभाषा म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. हौशी बोर्डांवर हमखास आढळणारी एमसीपी४९२२ ही चिप १२ बिटांची आहे. ती पूर्ण आवाक्याचे ४०९६ भाग करते आणि तिच्यात दोन स्वतंत्र आउटपुट असतात. तिला उणे व्होल्टेज देता येत नाही. म्हणून पुढे टीएल०८२ सारखा ऑपअ‍ॅम्प लावून उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट असा आवाका तयार करतात. एमसीपी४९२२ ची एक पिन मोलाची आहे. आडवा आणि उभा असे दोन्ही आकडे आत भरून झाल्यावर ती पिन खाली ओढली की दोन्ही आउटपुट एकाच क्षणी बदलतात. ती वापरली नाही तर आडवा आरसा आधी हलू लागतो आणि उभा किंचित मागून, आणि तिरप्या रेषेची सफाई जाते.

आता ग्राउंड. नवख्याला ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट एवढेच ठाऊक असते. तांब्याच्या ट्रॅकलाही रोध असतो आणि गॅल्व्हो झटक्यात दिशा बदलतात तेव्हा मोठा प्रवाह परत येतो. तो कन्व्हर्टरच्या ग्राउंडमधून वाहिला तर ‘शून्य’ स्वतःच डोलू लागते. हिशेब सोपा आहे. १० व्होल्टच्या आवाक्यात २० मिलिव्होल्टचा गोंगाट म्हणजे ०.२ टक्के, म्हणजे २ मीटर रुंद चित्रात ४ मिलिमीटरची थरथर. सरळ रेषा केसाळ दिसते, आणि ती का, हे सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधले तरी सापडत नाही. म्हणून जाणकार आधी कागदावर परतीच्या प्रवाहाच्या वाटा काढतात. गॅल्व्होची परतीची तार थेट पॉवर सप्लायपर्यंत नेतात, नाजूक भागाचे ग्राउंड एकाच ठिकाणी तिला जोडतात आणि प्रत्येक चिपच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवतात. हे शिकायला तयार बोर्ड विकत घेऊन भागत नाही. परतीची वाट स्वतः आखावी लागते.

आखणीसाठी किकॅड हे मोफत सॉफ्टवेअर आहे. १९९२ मध्ये फ्रान्सच्या जाँ-पियेर शारास यांनी ते सुरू केले. पूर्वी ट्रॅक लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापायचे, इस्त्रीने टोनर तांब्याच्या पाटीवर उतरवायचा आणि पाटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायची, ही रीत सर्रास होती. मुंबईतला लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली बुधवार पेठ इथल्या दुकानांत पाटी, रसायन आणि सुटे भाग मिळतात. आता फाइल पाठवली की कारखान्यातून दुबाजू बोर्ड येतो, आणि या कामासाठी तोच घ्यावा. एक अख्खी बाजू ग्राउंडला देता येते, ही चैन घरच्या एकबाजू पाटीत मिळत नाही. पहिला प्रयोग मात्र घरी करून बघावा. वापरलेले फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नये. त्यात तांबे उतरलेले असते.

आता अंधाराकडे. ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर सुरू होताना त्याच्या बऱ्याचशा पिना क्षणभर अधांतरी असतात आणि काही पिनांवर स्पंदही उमटतात. काही स्वस्त लेझर ड्रायव्हर तर इनपुट अधांतरी असला की किरण चालूच ठेवतात. म्हणजे प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधीच किरण बाहेर. उपाय साधा आहे: किरण चालू-बंद करणाऱ्या मॉड्युलेशनच्या रेषेवर ग्राउंडकडे ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि सुरू होताना शांत राहणारी पिन.

पण एवढ्याने भागत नाही. चित्र काढणारा किरण सतत हलत असतो, म्हणून एका जागी फार ऊर्जा पडत नाही. आरसे अडकले, तार निसटली किंवा प्रोग्रॅम गोठला की तोच किरण एका बिंदूवर थांबतो. डोळा मिटण्याची प्रतिक्रिया पाव सेकंदाची धरतात, आणि त्या भरवशावर दृश्य प्रकाशाच्या स्थिर किरणाला १ मिलिवॉटची मर्यादा आहे. १ वॉटचा किरण त्याच्या हजारपट. म्हणून गॅल्व्होच्या स्थितिदर्शक सिग्नलवर नजर ठेवणारे छोटे सर्किट हवे. कॅपॅसिटरमधून फक्त बदल पुढे जातो, एलएम३९३ हा कम्पॅरेटर तो मोजतो, आणि हालचाल थांबली की ७४एचसी०८ ही गेट चिप मॉड्युलेशन कापते. यात सॉफ्टवेअरचा हात कुठेच नसावा. चार-पाच स्वस्त भागांचे हे काम आहे. तरी प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या घरगुती बोर्डांत ते क्वचितच आढळते, याची खंत वाटते.

ही भीती पुस्तकी नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीनंतर लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या वर्षी शहरात पोलिसांनी उत्सवकाळात लेझर बीमवर बंदी घातली. ती योग्यच होती. ज्याला हे सर्किट आतून कळते, त्याने गर्दीवर किरण फिरवण्याला सर्वांत आधी नकार द्यायला हवा.

चित्र पाहण्याची घाई असेल तर त्यालाही सुरक्षित वाट आहे. बोर्डाचे दोन्ही आउटपुट ऑसिलोस्कोपला एक्स-वाय पद्धतीने जोडा. चौकोन, वर्तुळ, मोर, सगळे हिरव्या पडद्यावर दिसेल. मग त्याच ऑसिलोस्कोपची टोके मॉड्युलेशनच्या पिनेवर लावा. वीज देताना, रीसेट दाबताना आणि चालू चित्रात यूएसबीची तार उपटल्यावर ती रेषा शून्यावरच राहिली पाहिजे. एकदा जरी उसळली, तरी लेझर अजून खोक्यातच राहू द्या.