साहेब आणि सिग्नल

जवळा बाजार, ता. औंढा नागनाथ

गड्या,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. रात्री अकराला रस्त्यावर चिटपाखरू नसताना तुम्ही मराठवाड्याची चौघं पोरं लाल दिव्यासमोर निमूट उभी राहता, हे ऐकून कट्ट्यावर सगळे पोट धरून हसले. पायी चालणाऱ्यानं दिवा मोडला तर जर्मनीत दंड ५ युरो. तेवढ्याला भिणारे तुम्ही नव्हेत. नातवाचा हात धरून शेजारी उभ्या असलेल्या आजीच्या नजरेला भिता, असं लिहिलंस, ते पटलं. रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही, घर बदललं की दोन आठवड्यांत कचेरीत पत्ता नोंदवायचा, हेही तुझ्या अंगवळणी पडलं. बाजाराच्या दिवशी मोटरसायकल कुठं लावावी, हे इथं तुला कुणाच्या बापाला शिकवता आलं नाही!

पण पत्रातली दुसरी गोष्ट सलली. नवी आलेली जर्मन मुलगी मीटिंगमध्ये साहेबाला तोंडावर म्हणाली, हे चुकतंय. आदल्या रात्री पोळ्या लाटताना तुम्ही चौघं नेमकं हेच बोलत होतात. मीटिंगमध्ये मात्र माना खाली. म्हणजे सिग्नल तिथला शिकलात, साहेब इथून सोबत नेलात. आपल्याकडं ‘वरून आदेश आहे’ म्हटलं की विषय संपतो. आदेश कुठं लिहिलाय, असं विचारणारा आगाऊ ठरतो.

जर्मन माणूस जन्मतःच असा असतो, असं समजू नकोस. ‘आम्ही फक्त हुकूम पाळला’ म्हणून हात झटकणारी त्यांची एक पिढी होऊन गेली. ते भोगल्यावर त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलं: ज्या हुकमानं गुन्हा घडेल, तो सैनिकानं पाळायचाच नाही. सरकारी नोकराला आदेश बेकायदा वाटला, तर वरिष्ठाला तसं सांगणं त्याचं कर्तव्य. तुझी नोकरी खासगी, कबूल. पण हवा तीच ना?

आणि हुकूम पाळायची खोड काही फक्त जर्मनांची नव्हे. १९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमनं एक प्रयोग सुरू केला. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. कोट घातलेला एक जण ‘पुढं चला’ म्हणत राहिला, आणि ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा जो तो सांगतो. मला पुढचा जास्त मोलाचा वाटतो. नंतरच्या एका फेरीत सोबत बसवलेल्या दोघांनी, ठरल्याप्रमाणे, मध्येच नकार दिला. तेव्हा ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले.

औंढ्याची कथा तुला पाठच आहे. पुजाऱ्यांनी नामदेवांना हुसकलं, ते देवळामागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच फिरलं. नंदी मागं राहिला तो तेव्हापासून. त्या गर्दीत पुजाऱ्यांना ‘का?’ विचारणारे दोघं निघाले असते, तर एवढ्या दगडी देवळाला कशाला तसदी पडली असती?

पुढच्या मीटिंगला पहिला तू बोलशील, हे मी धरून चालतो. दुसरा कोण, ते आदल्या रात्री भांडी घासतानाच ठरवा आणि मला कळवा. रानात हळद शिजवणं चालू आहे, निघतो.

तुझाच