पौर्णिमेचा वेध

तेजोमेघांच्या छायाचित्रणाचा छंद जडलेल्या माणसाला चंद्र वैरीच वाटतो. शुक्ल अष्टमी उलटली की आकाश दुधाळ होते आणि दुर्बीण पेटीत जाते. मीही वर्षानुवर्षे अमावास्येचीच वाट पाहत आलो. अण्णा पुण्याहून आमच्याकडे चेन्नईला राहावयास आले आणि हा क्रम मला खुपू लागला. त्यांच्या दृष्टीचा मध्यभाग झाकोळला आहे. चांदण्या आता उमटत नाहीत. चंद्राचे तेज तेवढे जाणवते. गच्चीवर, येथील भाषेत ‘मोट्टै माडी’वर, ते येत ते पौर्णिमेलाच, आणि नेमका त्याच रात्री मी खाली!

मार्ग निघाला तो एका अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमुळे. चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश. त्यात सारे रंग असतात. तेजोमेघातील आयनित हायड्रोजनचा तांबडा प्रकाश मात्र ६५६.३ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीवर एकवटलेला असतो. तिच्याभोवतीचा सात नॅनोमीटरचा पट्टा तेवढा आत घेतला, की चंद्राचा आणि रस्त्यावरील दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच अडतो. ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची निळसर-हिरवी रेषा इतकी सोशिक नाही. हवेत निळ्याकडचा प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून ती काळ्या रात्रींसाठी राखून ठेवावी. तांबड्यातही अंधाऱ्या रात्रीची सर येत नाहीच, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

१७९२ साली ज्या नुंगमबाक्कममध्ये कंपनी सरकारची वेधशाळा उभी राहिली, तेथून आमचे घर फारसे दूर नाही. ईशान्य मोसमी पाऊस सरल्यावर, पौषी पौर्णिमेला, मी शृंगाश्वातील रोझेट तेजोमेघावर दुर्बीण रोखली. सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे दूरचा हा मेघ येथे जवळजवळ माथ्यावर येतो. चंद्र तीस-पस्तीस अंशांवर तळपत होता. अण्णा खुर्चीत, तोंड त्याच्याकडे.

पाच मिनिटांनी पडद्यावर पहिली करडी छबी उमटली.

“हे तुझ्या डोळ्यांना तरी दिसतं का रे?”

“नाही, अण्णा. फक्त कॅमेऱ्याला.”

“कसं आहे, सांग.”

मी त्यांच्या तळहातावर बोटाने कडे काढले. मध्ये पोकळी आहे, म्हणालो. तेथील तरुण ताऱ्यांच्या झोतांनी वायू बाहेर लोटला आहे.

“म्हणजे कडा तेवढ्या दिसतात, मधे काही नाही,” अण्णा म्हणाले. “अरे, मला तर सगळं जग असंच दिसतं.”

ते हसले. दुसरी छबी पुरी व्हायला अजून दोन मिनिटे होती.