तोकावाचा बाक

परवा लेकीनं नूडल्स परतताना सोया सॉस कढईच्या कडेनं सोडला. तो जरा करपला आणि त्या धुरासरशी मला चोशी आठवलं. टोकियोच्या पूर्वेचं ते किनाऱ्यावरचं गाव, तिथली डुलत जाणारी विजेची गाडी आणि रूळ जिथं संपतात ते तोकावा स्टेशन.

१९२३ सालचं लाकडी स्टेशन. तिकिटाची खिडकी, बाक, सगळं लाकडाचं. जपानात नोकरीला होतो तेव्हा सुटी मिळाली की तिथं जायचो. आधी एकटा, मग आम्ही दोघं, पुढं लेकीला कडेवर घेऊन. पण स्टेशन आठवतं ते अण्णांसकट, माझ्या वडिलांसकट. बार्शीहून आमच्याकडे आले होते तेव्हा त्या बाकावर बसून त्यांनी ‘नुरे-सेनबे’ खाल्ली. तांदळाची भाजलेली चकती, गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवलेली, मऊ. “पापड सादळलाय,” म्हणाले आणि दुसरी मागितली.

चोशीतला यामासा सोया सॉसचा कारखाना १६४५चा, किशूहून म्हणजे आजच्या वाकायामाकडून आलेल्या घराण्यानं काढलेला. तोकावाचं बंदरही सतराव्या शतकात तिकडच्याच साकियामा जिरोएमोननं बांधलं. सार्डिन माशांच्या मागं ही माणसं इतक्या लांब आली आणि इथलीच झाली. हे मी अण्णांना उत्साहानं सांगत होतो. त्यांचं लक्ष रुळांकडे.

मग रुळांचं सांगितलं. चोशीहून इनुबोपर्यंत १९१३ मध्ये आधी एका वेगळ्याच कंपनीनं गाडी सुरू केली होती. ती तोट्यात गेली. पहिलं महायुद्ध चालू, लोखंडाला भाव आलेला. १९१७ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला आणि रूळ विकून टाकले. त्या विक्रीचा मला आजही राग येतो. गावानं हौसेनं घातलेली वाट कुणी वजनावर कशी विकतं?

अण्णांनी एवढंच विचारलं, “काय भावानं गेले असतील रे?”

आमचा छापखाना होता. ऑफसेट आलं आणि ट्रेडल मशीन थांबलं. मी शिकायला पुण्यात. दिवाळीला घरी आलो तर गाळा मोकळा. मशीन भंगारात, शिशाचे खिळे किलोवर. कुणाला किती दिले, कितीला दिले, घरात कुणी काढलं नाही.

चोशीची आत्ताची रेल्वे ६.४ किलोमीटरची. २००६ मध्ये गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही तिच्याकडे पैसे उरले नाहीत. तेव्हा कंपनीनं जाहीर निवेदन काढलं: आमची नुरे-सेनबे घ्या, गाडी दुरुस्त करायला पैसे मिळवायचे आहेत. १९९५ पासून ती ही सेनबे विकतच होती. आता देशभरातून मागण्या आल्या आणि गाडी चालू राहिली.

“असं छापलं त्यांनी? सरळ?” अण्णांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

त्यांनी अख्ख्या पेठेच्या लग्नपत्रिका छापल्या, उत्तरकार्याची पत्रं, निवडणुकीची पत्रकं, दुकानांची हँडबिलं. स्वतःसाठी दोन ओळींचे खिळे कधी जुळवले नाहीत. जुळवले असते तर लोक आले असते. शाळा आल्या असत्या, कापडवाली मंडळी आली असती. माझी तशी खात्री आहे आणि तिचा आता काही उपयोग नाही.

परतताना त्यांनी मला इनुबोला उतरायला लावलं. स्टेशनातल्या दुकानात सेनबेची पाकिटं घेतली, शेजाऱ्यांसाठी, जुन्या कंपॉझिटरसाठी. मी पाकीट काढलं तर हात धरला आणि विमानतळावर बदलून घेतलेले येन स्वतः मोजून दिले.