बापू, गुराखी आपल्याही डोंगरात होते

पिशोर, ता. कन्नड
श्रावण

बापू,

तुझे अमेरिकेतल्या कोडी गावचे फोटो मिळाले. रुंद काठाची टोपी शोभते तुला, काकूही म्हणाली. पण खाली लिहिलंस ते बोचलं: ‘नाना, साध्या गुराख्याचा यांनी केवढा मान ठेवलाय! आपल्याकडं असलं काहीच नाही.’ आणि त्याच दिवशी दादाला फोन करून सांगितलंस, बैलजोडी विका, ट्रॅक्टरला पैसे पाठवतो. एकाच तोंडानं दोन्ही कसं बोललास रे?

आपले आबा गुराखी विसरलास? सकाळी वेशीपाशी गावची गुरं सोडायची आणि आबांनी ती अंजनेच्या काठानं डोंगराकडं हाकायची. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकर, वर्षाची राखोळी ज्वारीत. झाडीत गाय दिसली नाही तरी गळ्यातल्या घाटीच्या आवाजावरून ती कुणाची ते सांगायचे. गाय डोंगरातच व्याली तर ओलं वासरू खांद्यावर घेऊन यायचे. मागून गाय हंबरत, वासराला चाटायला मान पुढं काढत. तू ओट्यावरून टाळ्या पिटायचास. आणि लमाणांचे तांडे? धान्य नि मीठ लादलेले हजारो बैल घेऊन ते दख्खनचे घाट चढले-उतरले, फौजांना रसद पोचवली. ते कुठल्या काउबॉयपेक्षा कमी होते, सांग.

आता तिकडचं बघ. टेक्सासची गुरं पायी हाकत कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेपर्यंत न्यायला 1867 पासून सुरुवात झाली. 1874 साली ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं नि मोकळा माळ कुंपणात जाऊ लागला. 1886-87च्या हिवाळ्यात बर्फात गुरांचे कळपच्या कळप मेले. मोकळ्या रानातला काउबॉय दोन-अडीच दशकांतच संपत आला. त्या काउबॉयांत कृष्णवर्णीय नि मेक्सिकन किती होते, ते जुन्या सिनेमांनी दाखवलंच नाही. बफेलो बिल कोडीनं आपला खेळ 1883 साली मांडला, माळ आवळत चालला होता तेव्हा. त्याच्याच नावाच्या गावात तू हिंडलास. बापू, टोपी नि खोगीर राहिलं म्हणून गुराखी राहत नाही. चरायला रान असेल तर राहतो. हे मी चावडीवर, लग्नाच्या मांडवात, जिथं बसेन तिथं सांगतो, आणि सांगत राहणार.

तिथल्या रोडिओत आठ सेकंद माणसाला अंगावर टिकू न देणारे वशिंडाचे बैल पाहिलेस ना? त्यांच्या अंगात ब्राह्मन जातीचं रक्त आहे, आणि ती जात अमेरिकेत घडली गीर, काँक्रेज, ओंगोल आणि आपल्या सांगलीकडची कृष्णाखोरी या गुरांपासून. आपलं वशिंड त्यांनी जपलं, वाढवलं. 1924 साली त्या जातीच्या पैदासकारांची संघटनासुद्धा केली. आपण मात्र खिल्लार नि देवणीची जोडी दारात बांधायला कचरतो.

बैलांच्या शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली आणि 2023च्या मे महिन्यात त्यांना मुभा देणारा राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हा फटाके वाजले. मलाही शंकरपट आवडतो. पण पटाचा बैल बाकीचं वर्ष खातो काय, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडचं गौताळ्याचं रान 1986 साली अभयारण्य झालं; जंगल राखायला हवंच, बिबट्यालाही जागा हवी. मग गुरांनी जायचं कुठं? गायरानात घरं उठली, शेतात ज्वारीच्या जागी मका नि अद्रक आली. कडबा कुठून आणायचा? नवीन पोरांना गाय गाभण आहे का, हेही ओळखता येत नाही. मला रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळं.

डोंगराकडच्या शेतात काउबॉय रिसॉर्ट काढायचं म्हणतोस. काढ, पण आधी चार गुरं, एक गुराखी नि त्याला पोटभर पगार यांची सोय लाव. लोक वासराला हात लावायला येतील. भाड्याची टोपी घालून फोटो काढायला आले तर मी फाटकच उघडणार नाही.

आणि हो, त्या रोडिओच्या बैलावर बसण्याचं खूळ डोक्यातून काढ. तुझ्या आईला कळलं तर ती जेवणार नाही.

परवा व्यापारी येऊन जोडीचे दात बघून गेला. दादा काही बोलला नाही, पण संध्याकाळी गव्हाणीशी बसून होता. पोळा अमावास्येला आहे. खांदेमळणीला बैल दावणीला हवेत. त्याच्या आत दादाला फोन कर, आणि पैशाचा विषय काढू नकोस.

तुझा,
नाना